आपोआप गेलेला फोटो

फोटोग्राफरने ढिगाऱ्यात गुडघा टेकला, चादरीबाहेर आलेला बूट चौकटीत घेतला आणि बटण दाबलं. मागे अर्धी कोसळलेली इमारत होती. उजेड मनासारखा होता, आणि तो तसा आहे याचं त्याला बरंही वाटलं.

हा नवा कॅमेरा वर्तमानपत्राच्या ऑफिसने नुकताच त्याच्या गळ्यात बांधला होता. बटण दाबलं की फोटो थेट संपादकांच्या डेस्कवर. निवडायला, खोडायला, जरा थांबून विचार करायला वावच नाही. पूर्वी ऑफिसात पोचेपर्यंत तरी फोटो आपला असायचा, असं तो कुरकुरला, तेव्हा साहेबांनी त्याला म्हाताऱ्यांत काढलं होतं.

सवयीने त्याने फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. बुटाला नाडीऐवजी लाल वायर होती.

त्याच्या ताईचा नवरा वायरमन. रोज कुठे काम लागेल ते सकाळी त्यालाही ठाऊक नसायचं. तुटलेल्या नाडीच्या जागी त्याने वायर ओवली, त्यावरून घरात सगळ्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली होती. पोलिसाला विचारून फोटोग्राफरने चादर उचलली. दाजीच होते.

त्याने डेस्कला फोन लावला. फोटो केव्हाच वेबसाइटवर लागला होता, त्याच्या नावासकट. काढतो, असं उपसंपादक म्हणाला, पण चेहरा दिसत नाही तर अडचण काय, हेही त्याने विचारलं. फोटोग्राफरने फोन कापून मोटरसायकल सुरू केली. ताईला हे आपल्याच तोंडून कळावं, फोनवरून नको, एवढंच त्याला हवं होतं.

ताईने हसतच दार उघडलं. पोचलो वेळेवर, असं वाटून त्याला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

"आत्ताच तुझा फोटो बघितला," ती म्हणाली. "चष्मा सापडेना, पण तुझं नाव तेवढं दिसलं. सगळ्यांना पाठवला."

"ताई, तो फोन दे इकडे."

"देते रे. कोण होता बिचारा?"

त्याने हात पुढे केला. तिने फोन त्याच्यापुढे धरला.

"ह्यांनाही पाठवलाय. अजून बघितला नाही त्यांनी."