माझ्यात एकदाच मासे तळले गेले

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. केरळातल्या ओट्टपालमच्या लोहाराने मला ठोकून घडवले आणि कार्त्यायनीच्या हाती देताना बजावले, "हिच्यात केसांचं तेलच कढवायचं. भाजीबिजी नाही हं!" तिने ते चाळीस वर्षे पाळले.

माक्याचा रस, जास्वंदीची पाने, कढीपत्ता आणि घाण्याचे खोबरेल. मंद आचेवर, पाणी आटेपर्यंत मी चुरचुरत असे. चुरचुर थांबली की कार्त्यायनी तळाचा चोथा चिमटीत चोळून बघायची. तो वाळूसारखा खरखरला की मला उतरवायची. मग आईविना वाढलेल्या भाचीला, रजिताला, पायरीवर बसवून तिच्या डोक्यात तेल जिरवायची. रजिता मावशीला वल्यम्मा, म्हणजे मोठी आई, म्हणे. त्या लांबसडक वेणीचे गावभर कौतुक होई आणि त्यातले निम्मे मी खुशाल माझे समजत असे.

पुढे रजिता नर्स होऊन शारजाला गेली. मी खुंटीवर लटकले. माझ्यात कोळ्याने घर केले, तरी कुणी फिरकले नाही. फार वाईट वाटायचे.

दोन वर्षांनी ती रजेवर आली. वल्यम्माने सवयीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"अगं, हे केस आहेत की काथ्या?"

"तिकडचं पाणीच तसलं. उद्या कापूनच टाकते, वल्यम्मे. कटकट नको."

वल्यम्मा तडक बांधावर माका खुडायला गेली. इकडे तारल्यांसाठी आसुसलेल्या रजिताने मला खुंटीवरून काढले, घासले आणि माझ्यात चक्क मासे तळले! दारातच वल्यम्माला वास आला.

"रजिते! माझ्या तेलाच्या कढईत?"

"मला वाटलं, ती आता नुसतीच पडून असते."

"आता लाव हे तेल! गावातली झाडून सगळी मांजरं येतील तुला विमानतळावर सोडायला!"

दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता वल्यम्माचे डोळे भरून आले. "तुझ्या केसांसाठीच राखली होती गं हिला."

रजिताने कात्री ठेवून दिली. तीन दिवस तिने मला राखेने घासले, पेजेत उकळले, करवंट्यांच्या जाळावर तापवले. चौथ्या दिवशी तेल कढले. रजा संपेपर्यंत रोज सकाळी तेल लावायचे आणि जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस चोळून केस धुवायचे. जुनी वेणी काही परत आली नाही, पण केस मऊ झाले, फणी अडेनाशी झाली.

निघताना बॅगेचे वजन जास्त भरले. रजिताने लोणचे काढले, केळ्याचे वेफर्स काढले, मला ठेवले.

आता मी शारजात सहा नर्सांच्या स्वयंपाकघरात आहे. माझ्यावर चिठ्ठी आहे, 'मासे नकोत'. वल्यम्माला हल्ली नीट दिसत नाही. ती फोनवरून माझी चुरचुर ऐकते आणि सांगते, "थांब, अजून पाणी आहे."

गेल्या शुक्रवारी रजिताने चोथा स्वतःच चोळून पाहिला, मला उतरवले आणि मग फोन लावून तसे सांगितले.

"उतरवलीस? जमलं की तुला! मग आता फोन कशाला?"

"वेणी घालायला इथे कुणी नाही, वल्यम्मे. तू बोलत राहा, मी घालते."

मित्रांनो, तुमच्या घरी खुंटीवर एखादी काळी कढई असेल, तर तिच्यात काही तळण्याआधी जरा विचारा, ती कुणासाठी राखून ठेवली आहे.