सातवी ‘ब’मधले हंडे

घाटकोपरच्या टेकडीवरची सगळ्यात वरची आळी दुपारपर्यंत रिकामी करून पायथ्याच्या शाळेत जा, असे पालिकेची गाडी भोंग्यावरून सांगून गेली आणि आळीतल्या बायकांनी ते भांडी घासता घासता ऐकून घेतले. मागच्या पावसातही अशीच गाडी आली होती. काहीच झाले नव्हते, आणि न झालेली आपत्ती माणसाला फार धीट करते.

प्रेमा मात्र घरांमागची भेग पाहून आली होती. सकाळी तिच्यात बोट जात होते. आता अख्खा हात गेला असता, आणि आतून लाल पाणी उसळत होते. नवरा लवू कामावर होता. संपात गिरणी गेल्यापासून तो विक्रोळीच्या एका कारखान्यात पाळी करी. घरात सासू रुक्मिणी होती, ती उंबरठ्यावर बसून होती.

“आई, उठा. डोंगर सुटतोय.”

“मी खंयच जावची नाय,” रुक्मिणी म्हणाली. “घर सोडलां की दुसरो घुसता.”

प्रेमा आळीभर ओरडत फिरली. शेजारच्या शेवंतीकाकीने राखेचा हात हलवून तिला थांबवले. “घाबरवू नको गं! साबणानं हात सडतात म्हणून पण तू असंच घाबरवलं होतंस.”

टोमणा वर्मी लागला. पण त्या टोमण्यातच प्रेमाला वाट दिसली. ती दारोदार कपडे धुण्याची पावडर विकत असे. सुरुवातीला तिने खरेच साबणाने हात सडण्याची भीती घातली होती, आणि बायकांनी माना डोलावून दारे लावून घेतली होती. पुढे एकीने पुडा घेतला, तो दुसरीने पाहिला आणि तिसरीने आपण होऊन हाक मारली. भीतीला गिऱ्हाईक नव्हते. शेजारणीला मिळालेल्या वस्तूला होते.

तिने घरातला हंडा उचलला आणि पायऱ्या उतरत सुटली.

पायथ्याच्या शाळेत दादू शिपाई रिकाम्या वर्गांची दारे उघडून बसला होता. तोही वरच्याच आळीतला. “एक माणूस आलं नाही बघ,” तो म्हणाला.

“माणसांचं राहू द्या, दादूमामा. कुठला वर्ग गळत नाही?”

“सातवी ब. का गं?”

तिने खिडकीखालची कोरडी जागा पाहून हंडा ठेवला आणि धापा टाकत वर आली. डोंगराचे नावही तिने काढले नाही. “सातवी बमधली खिडकीची जागा लागली हं,” ती सहज म्हणाली. “बाकीचे वर्ग गळतात.”

आळीत नळावर नंबर धरायचा तो हंड्याने. हंडा उभा असला की त्याची मालकीण उभी आहे असे धरायचे. हा नियम भांडखोरांतली भांडखोरही पाळी.

“लागली? कोणाचा हंडा?” शेवंतीकाकी ताडकन उठली.

पाहता पाहता पायऱ्यांवरून हंडे धावू लागले. पितळी, जर्मनचे, प्लास्टिकचे! एक घर हंड्याशिवाय राहिले नाही. रुक्मिणीनेही आपला हंडा सुनेच्या हाती दिला. “शेवंतीच्या फुडे ठेव. मी नंतर बघतंय.”

प्रेमाला आनंद मावत नव्हता. ती हंडा ठेवून वळली आणि तिच्या लक्षात आले की वर्गात माणूस नाही. सगळ्या बायका परत वर चढत होत्या.

“काकी, कुठे?”

“जागा लागली ना! भात टाकते नि येते.”

ज्या नियमाने हंडे खाली आणले होते, त्याच नियमाने बायकांना घरी जायची मुभा दिली होती. वरून एक दगड गडगडत येऊन शाळेच्या कुंपणावर आदळला. दादू उभा राहिला. “आता गं?”

प्रेमाने रांगेकडे पाहिले. “मामा, हंडे बाहेर काढा.”

“रांगेतले हंडे? वेड लागलं काय? मारतील आपल्याला!”

“मारायला खाली तरी येतील ना!”

पहिला हंडा तिने सासूचा उचलला आणि पटांगणात, भर पावसात नेऊन ठेवला. दादूने क्षणभर कपाळावर हात मारला, मग शाळेची घंटा बडवत तो टेकडीकडे तोंड करून ओरडला, “धावा रे! प्रेमानं सगळ्यांचे हंडे बाहेर टाकले!”

आळी उसळली. चुलीवरचे भात तसेच राहिले. बायका भांडायला निघाल्या, त्यांना आवरायला पुरुष निघाले आणि भांडण बघायला पोरे. सगळ्यांच्या पुढे, साडीचा ओचा खोचून, रुक्मिणी!

“माझो हंडो पावसात?” तिने सुनेची वेणीच धरली. “लाज नाय वाटली?”

“रुक्मिणीबाई, तुम्ही दोन लावा तिला!” शेवंतीकाकी शेवटच्या पायरीवरून ओरडली.

तेवढ्यात मोठा आवाज झाला. टेकडीची वरची कड सावकाश, जणू विचार करून, पुढे आली आणि मग एकदम सुटली. पत्रे कागदासारखे दुमडत चिखलात गेले. ज्या उंबरठ्यांवर आताच माणसे होती, ते उंबरठे दिसेनात.

पटांगणात शेवंतीकाकीने किंचाळून मुलाला हाक मारली, “नंदू!”

“हा काय, इथं!”

आणि नावांचा कल्लोळ उठला. मालन! राजाराम! शकु! प्रत्येक नावाला कुठून तरी ओ येत होती. घरे गेलेली माणसे एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होती, रडत होती. द्रौपदी तर धावत येऊन दादूला, आपल्या नवऱ्याला, सगळ्यांदेखत बिलगली.

रुक्मिणीच्या मुठीत वेणी तशीच होती.

“आई, दुखतंय.”

“दुखांदे,” रुक्मिणी म्हणाली, आणि तिने सुनेला वेणीसकट छातीशी ओढले.