होडीतली डावी जागा

मृत्यू माणसाला संसाराच्या सर्व पाशांतून मुक्त करतो. आमच्या हिला मात्र तो साध्या सहलीतूनही सोडवू शकला नाही.

ही गेल्यानंतरची आमची पहिलीच सुट्टी. सगळं जग पाळण्यांच्या बागेत रांगा लावत असताना आम्ही तळ्यावर आलो, कारण पायडलची होडी म्हणजे हिचा जीव की प्राण. मुलाने काठावरच दम भरला, "बाबा, आईशी पुन्हा बोलताना दिसलात तर उद्या सरळ डॉक्टरकडे नेईन!"

मी तोंडाला कुलूप लावलं. मुलगा आणि सूनबाई पुढे बसले, मी मागे उजवीकडे. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

तळ्याच्या मध्यावर होडी हळूहळू डावीकडे कलली. वारा पडलेला होता आणि पाण्यावर साधा तरंगही नव्हता.

"बाबा, उजवीकडे बसा ना!"

"उजवीकडेच बसलोय."

मुलाने मागे वळून पाहिलं. रिकाम्या जागेवरची गादी खोल दबली होती. समोरचं पायडल मात्र जागचं हलत नव्हतं. हिने जन्मात कधी पायडल मारलं नाही, नुसत्या दिशा सांगितल्या. माझी जीभ वळवळत होती, पण डॉक्टर आठवून मी गप्प राहिलो.

गार पाणी होडीच्या डाव्या काठावरून आत आलं. मुलगा पांढराफटक पडला. शेवटी सूनबाईच वळली आणि नेहमीच्या थकलेल्या आवाजात म्हणाली,

"आई, जरा मध्ये सरकता का?"