सरकारी भुकटी माझी सवत

मी कबरी बोलतेय, डाळजच्या छबूबाईची शेळी. दचकू नका, शाळेत मीही गेलेय. दुसरीच्या पुस्तकाची निम्मी पानं खाऊन झाली होती, तेवढ्यात गुरुजींनी उरलेलं ओढून घेतलं. माझं शिक्षण तिथंच खुंटलं.

गावात मी कुणाला सोडलं नाही. द्वारकाबाईच्या वाळवणावरून चालत गेले, भजनाला बसलेल्यांच्या मागं उभी राहून ऐन रंगात बें केलं. शिव्या खाल्ल्या. पण दूध देणारी म्हणून सगळं खपून जायचं.

मग बावन्नच्या सुमाराचा दुष्काळ आला. बाभळीच्या शेंगासुद्धा संपल्या. छबूबाईची सून कौसल्या सरकारी कामावर खडी फोडायला जायची. पोटात काही नाही, तिचा पान्हा आटला. तिची तान्ही म्हाळसा माझ्या दुधावर आली. माझं स्वतःचं करडू मात्र लांब बांधलेलं. आधी म्हाळसा, उरलं तर करडू. उरायचं नाही. करडाचे पाय लटपटायचे, पण खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगलेली. त्या घरात माझ्यावाचून पान हलत नव्हतं!

आणि आली माझी सवत, दुधाची भुकटी. कामाच्या जागी सरकारनं छपरी घातली. डब्यातली भुकटी गरम पाण्यात कालवून लेकरांना फुकट वाटायला लागले. ना शिंग, ना शेपूट, ना लेंडी! छबूबाई म्हाळसाला कडेवर घेऊन तिथं जायची, मागोमाग मी. पोरगी वाटीभर दूध पिऊन वर ओठ चाटायची. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मला पाठीराखा भेटला तो दत्तोबा तात्या. विहीर-बागाईतवाला माणूस, रोज छपरीत येऊन बसायचा.

"छबूबाय, ह्यानं माणसं बिघडत्यात बघ. फुकाट मिळाया लागलं की हात कोन हलवनार? उद्या घास बी सरकारच भरवंल!"

मला अगदी पटलं. तत्त्वानं नव्हे, जळफळाटानं. हे बोलताना तात्या पीत होते तो चहा भुकटीच्याच दुधाचा होता. पण आपल्या बाजूच्या माणसाच्या कपात कोण डोकावतं?

एके दिवशी तात्या आमच्या दारात आले. "आता भुकटी मिळतीया, तर शेळी कशाला पोसतीस? मला इकून टाक. जावई यायचाय, मटनाचं हुईल."

मी दावं ताणून मागं सरकले.

छबूबाई उठली, माझ्याकडं आली, खुंट्यापाशी वाकली. मी म्हटलं, संपलं. पण मला तशीच ठेवून, पलीकडं जाऊन तिनं सोडलं ते करडाचं दावं. करडू धडपडत आलं आणि माझ्या कासेला ढुसण्या द्यायला लागलं.

"ह्ये काय करतीस?" तात्या म्हणाले.

"पोरगी भुकटीवर हाय, म्हनून तर करडाला दूध मिळतंय, तात्या. ह्ये जगलं तर म्होरं माझ्या दारात दोन शेळ्या. सरकारचा डबा कवा व्यालाय व्हय?"

"आन् फुकाटची सवय लागली मंजी?"

"कुनाला? मला न्हाय लागली. तुमची फुकाट च्याची सवय सुटंना ती बघा."

कौसल्या तोंडाला पदर लावून हसली. तात्या तरातरा निघाले. त्यांच्या उपरण्याचं एक टोक मी ठेवून घेतलं.

पुढं पाऊस झाला, भुकटी बंद झाली. करडाची शेळी झाली, तिला करडं झाली. छबूबाई आता भिगवणच्या हॉटेलात दूध घालते. भुकटीचे उपकार मी मानते का? मुळीच नाही. सवत ती सवत. फक्त करडू पोटभर पिऊन माझ्या अंगाला टेकून झोपलं, त्या दुपारी तिच्यावर जळायचं राहून गेलं, एवढंच.

आता मी आटलेय. दात झिजलेत. तरी छबूबाई मला शेंगा घालते. आधी माझ्या लेकीला घालते, मग मला, आणि तेही मला बघवत नाही.

परवा तात्या दारावरून जाताना हसले, "छबूबाय, ही बग, फुकाट खाऊन आळशी झाली!"

बाबांनो, कधी डाळजला आलात तर त्यांना माझा निरोप सांगा. मी आळशी नाही, म्हातारी झालेय. तात्यांची भाकरीही हल्ली सून बसल्या जागी आणून देते. मी त्यांना काही म्हणते का?