जीभ बाहेर

ठिणगीचा हात सुटायचा तोफेसारखा आणि चेंडू यायचा रमतगमत. बेसबॉलमधली तिची हीच तर गंमत. चेंडू तळहातात खोल दाबायचा, हात मात्र तेवढ्याच जोरात फिरवायचा. समोरचा घाईघाईत बॅट फिरवून मोकळा, चेंडू आपला मागून निवांत.

आज मात्र तिचं काही चालेना. गॅरेजच्या टीममधला दाजी, म्हणजे तिच्या ताईचा नवरा, तिचा प्रत्येक हळू चेंडू कुंपणापार भिरकावत होता. वर दात काढत होता.

"मेव्हणीबाई, अजून एक येऊ द्या की."

ठिणगीने हातमोजा मातीत आपटला.

ठिणगीच्या बेकरीचे मोठे कारागीर, सगळ्यांचे मामा, बेकरीच्या टीमचे कप्तान. ते जवळ आले. "दाजीची आता शेवटची पाळी. आपण एका धावेने पुढे आहोत. त्याने मारलं तर पुढच्या रविवारपासून तू बाकावर."

तेवढ्यात ताई पाण्याची बाटली घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "बावळट, जीभ आत ठेव."

"काय?"

"केकवर क्रीमची फुलं काढताना जीभ बाहेर काढतेस ना, तशीच हळू चेंडू टाकताना काढतेस. हा रोज बेकरीत चहा पीत तेच बघत बसतो."

"मग आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"नवरा आहे माझा. पण सकाळी म्हणाला, तुझी बहीण संपली. ते नाही पटलं मला."

दाजी बॅट घेऊन उभा राहिला. तीनदा हुकला की खेळ खल्लास.

ठिणगीने जीभ बाहेर काढली आणि सणसणीत चेंडू टाकला. दाजीची बॅट फिरेपर्यंत चेंडू मागे पोचलासुद्धा. पुन्हा जीभ, पुन्हा सणसणीत. पुन्हा हुकला.

दाजीने डोळे बारीक केले. मग गालात हसला. जीभ दिसली की जोरात, एवढं कळलं होतं गड्याला. मागचा पाय त्याने आधीच रोवून ठेवला.

ठिणगीने तिसऱ्यांदा जीभ काढली. चेंडू तळहातात खोल दाबला आणि हात तोफेसारखा सोडला.

दाजीने जीव खाऊन बॅट फिरवली. तिच्याबरोबर स्वतःही फिरला आणि बदकन खाली बसला. मग चेंडू आला. त्याच्या नाकासमोरून, सावकाश, पाहुण्यासारखा.

सगळ्यात मोठ्यांदा ताईच हसली.

"तू घरी चल, बघतो तुला," दाजी बसल्याबसल्या बायकोला म्हणाला आणि स्वतःच खदखदायला लागला.

ठिणगीने त्याला पुन्हा जीभ दाखवली. या वेळी हातात चेंडू नव्हता.