खेकड्याची नोंद

दारू सोडून चार वर्षं झाली, म्हणून व्यसनमुक्ती संस्थेनं कुंदनला दारू सोडू पाहणाऱ्यांचा सोबती नेमलं. त्र्याण्णव सालच्या पनवेलात एवढी पात्रता पुष्कळ होती. संस्थेचं काम बघणाऱ्या कुमुदताईंनी नोंदींची वही दिली आणि बजावलं, "नावं लिहायची नाहीत. नंबर घाला."

नंबर कुंदनच्या डोक्यात टिकेनात. घरचा धंदा मासळीचा, म्हणून त्यानं मासळीचीच नावं घातली. हात थरथरणारा तो बोंबील, ढेरीवाला जिताडा, आणि तिरका चालणारा दयाराम खेकडा. आता कुणाच्या बापाला पत्ता लागायचा नाही, असं त्याला वाटलं.

सोमवारी ट्रस्टी विनायकराव आले आणि त्यांनी टेबलावरची वही उघडली. ते ज्या कंपनीत बडे साहेब होते, तिथल्या कामगारांची बस दयाराम चालवायचा.

"'खेकडा. ड्रायव्हर. तिरका चालतो,'" साहेबांनी मोठ्यानं वाचलं. "'आषाढात रात्रीची उतरली नव्हती, तरी सकाळी बस जासईपर्यंत नेली. त्यानंतर थेंब नाही. सांगताना रडला.' हा आमचा दयाराम!"

"नाय साहेब. खेकडा मीच हाय."

"तू बस चालवतोस?"

"येत नाय ना. म्हणूनच रडलो."

कुमुदताई मध्ये पडल्या, "साहेब, ही माहिती संस्थेबाहेर जात नाही."

"मीच संस्था आहे," म्हणत साहेब खिशातल्या डायरीत उतरवून घेऊ लागले.

कुंदननं वही ओढली, पान फाडलं आणि तोंडात कोंबलं. साहेबांचं लिहून झालंच होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पाणी द्या याला," ते म्हणाले.

कंपनीचं पत्र यायच्या आधी आपणच सांगावं, म्हणून संध्याकाळी कुंदननं दयारामला बस लावतात तिथं गाठलं. एका दमात सगळं सांगितलं, पान खाल्ल्याचंसुद्धा.

दयाराम बसच्या पायरीवर बसला.

"प्यायलो व्हतो, ते खरंच हाय. नोकरीचं बघू," तो म्हणाला. "पन रडलो ते कशाला लिवलंस?"

"मला वाटलं, मानूस बरा व्हतोय त्याची निशानी हाय ती."

"मी तुला सांगितलं व्हतं, कुंदन. वहीला नाय."

तो उठला आणि घराची वाट सोडून बाजाराकडे चालू लागला. त्या रस्त्याला गुत्ता होता. कुंदन दहा पावलं मागं राहून निघाला. कोपऱ्यावर दयारामनं मागं वळून पाहिलं.

"मागं येऊ नको. आता हेबी लिवशील."

कुंदन जागीच थांबला. कोपऱ्यापलीकडे दयाराम कुठं शिरला, ते त्याला दिसलं नाही.