डाव्या खांद्याचा दस्ता

नेमबाजीच्या क्लबात सगळे म्हणायचे, खाण तशी माती. बाप डावखुरा, पोरगाही डावखुरा. फरक एवढाच, की बापाची गोळी काळ्या ठिपक्यात बसायची आणि पोराची देव जाणे कुठे जायची. तिशीचा घोडा झाला तरी दर रविवारी चारचौघांत बापाचं तेच ऐकून घ्यायचा, "रक्त माझंच आहे ना रे?" लोक खदाखदा हसायचे. हाही हसायचा, दुसरं करणार काय.

आज मात्र त्याचे पाय जमिनीवर नव्हते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यात रायफल हातातून निसटून तिचा लाकडी दस्ता मुठीपाशी उभा चिरला. तेव्हा म्हातारा म्हणाला, "नवा दस्ता आता तुझ्या मापाचा बसवू." जन्मात पहिल्यांदा बाप आपणहून काही देत होता. गोळी भरायचा बोल्ट डावीकडे असलेली, खास डावखुऱ्यांची ती रायफल. क्लबात तशी दुसरी नव्हती.

बाप-लेक दुकानात आले तसे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने बाकावर तीन दस्ते मांडले. दोन अक्रोडाचे, एक साध्या फिक्या लाकडाचा. पोराने गडद अक्रोडाचा उचलला, डाव्या खांद्याला लावला आणि त्यावर गाल टेकवला. हाच घ्यायचा, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

"थांबा," कारागीर म्हणाला. "लाकूड तासण्याआधी मी डोळा बघतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्या नाकाकडे बोट करा."

पोराने डाव्या हाताचं बोट रोखलं. मग कारागिराने दुसऱ्या हाताने करायला सांगितलं, तेही केलं.

"बोट दर वेळी उजव्या डोळ्यासमोर येतंय," कारागीर हळूच म्हणाला. "तुमचा नेमाचा डोळा उजवा आहे. डाव्या खांद्यावरून गोळी लागणार कशी? तुम्ही मुळात डावखुरे तरी आहात का?"

पोराच्या तोंडचं पाणी पळालं. लहानपणी छऱ्याची बंदूक त्याने उजव्या खांद्याला लावली होती, तर बापाने तोंड फिरवलं होतं. दुसऱ्या दिवशी डाव्या खांद्याला लावली आणि पाठीवर थाप पडली. त्या एका थापेपायी ह्या वेड्याने जेवण, लिहिणं, दात घासणं, सगळं डाव्या हातावर नेलं. आता चोरी उघडी पडली होती आणि रायफल हातची जाणार होती.

"बाबा, मी सांगणारच होतो..."

"काय सांगणार?" म्हातारा खुर्चीत ऐसपैस बसला होता. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. उजव्या हाताने कडी काढायचास आणि मी दिसलो की हात बदलायचास."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बघू तरी किती दिवस ओढतोस. रविवारी लोकांची करमणूकही व्हायची."

हातातला दस्ता म्हाताऱ्याच्या टाळक्यात घालावा, इतका पोराला राग आला. रागाहून जास्त लाज वाटली. कारागिराला बिचाऱ्याला कुठे बघावं कळेना.

"अजून काही बिघडलेलं नाही," तो म्हणाला. "उजव्या हाताची साधी रायफल घ्या. थोड्या दिवसांत नेम बसेल तुमचा, लिहून देतो."

म्हातारा नुसता पोराकडे बघत होता, तोंड फिरवायच्या तयारीत.

"नको," पोरगा म्हणाला. "मला हीच हवी. डाव्याचंच माप घ्या."

"फोनवर म्हणालो नव्हतो तुम्हाला, हा हेच म्हणेल?" म्हातारा कारागिराला म्हणाला. उठून त्याने पोराच्या हातातला अक्रोडाचा दस्ता काढून घेतला आणि बाकावर ठेवला. "तो फिका बसवा. नेम चुकवायलाच तर हवाय, त्याला अक्रोड कशाला?"

कारागिराने टेप काढली. पोराने डावा हात पुढे केला.